मॉडेल रेल्वेचे दुकान बंद झाले. इंजिन दुरुस्तीसाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ राहते. १९४६ मध्ये सुरू झालेले हॅटन्स हे मॉडेल रेल्वेचे नामांकित दुकान बंद होणार असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आमच्या गल्लीतले छोटे दुकान तरी टिकेल असे वाटले होते. परंतु मालकांचे वय झाल्याने आणि पुढे चालवणारे कोणी नसल्याने गेल्या महिन्यात तेही बंद झाले. इंजिन स्पंजवर उलटे ठेवून, चिमट्याने कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे) काढून दाखवत मालक दोष समजावून सांगत. (त्याचे पैसे क्वचितच घेत!)

माझ्याकडे ओओ गेजचे, म्हणजे १६.५ मिलिमीटर रुळांवर बारा व्होल्ट डीसीवर चालणारे, जुने इंजिन आहे. ते धक्के खात चालते आणि वळणावर थांबते. रूळ व चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झाली, तरी फरक पडला नाही. उघडून पाहिले तेव्हा एक ब्रश झिजून जेमतेम दीड मिलिमीटर उरलेला दिसला.

असे सुटे भाग टपालाने पाठवणारा विश्वासू दुकानदार किंवा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? डिसेंबरमध्ये मी पुण्याला येणार आहे. कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयात चौकशी करणारच आहे, पण शहरात अशी दुरुस्ती करणारे आणखी कोणी असल्यास कृपया कळवावे. तोपर्यंत किंचित मोठा ब्रश घासून बसवला तर चालेल, की त्याने कम्युटेटर (मोटरचा ब्रश टेकतात तो फिरता भाग) खराब होईल?