दारू, आतडं आणि कुप्फर पेशी

‘दारू थेट यकृताच्या पेशी जाळते, म्हणून सूज येते’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. दारूने आतड्याचं अस्तरही सैल पडतं. मग जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष पोर्टल शिरेतून (आतड्याकडचं रक्त यकृताकडे नेणारी शीर) यकृतात पोचतं आणि तिथल्या कुप्फर पेशींवरचा (यकृतातल्या राखणदार रोगप्रतिकारक पेशी) टीएलआर-४ हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं संवेदक प्रथिन, ते ओळखतो. त्या पेशी टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं प्रथिन सोडतात. जाळपोळीतला बराच वाटा त्याचा.

पुरावा उंदरांचा आहे, पण मला तरी पटणारा. सी३एच/एचईजे वाणाच्या उंदरांत टीएलआर-४ जन्मतःच निकामी असतो. त्यांना काही आठवडे दारू देऊनही यकृताची हानी नेहमीच्या उंदरांपेक्षा बरीच कमी झाली. म्हणून कुप्फर पेशी खलनायक, असं नव्हे हं! एरवी आतड्यातून निसटलेले जिवाणू गुपचूप गिळतात त्या याच.