अमेरिका किलोमीटरवर येईल म्हणणाऱ्यांना

विट्याचा मास्तर: काल एका भावानं इथं लिहिलं, "आपण चार वर्षांत शेर-मण मोडीत काढले, अमेरिकेला अजून मैल-पौंड सुटेनात. दहा वर्षांत त्यांनाही किलोमीटरवर यावंच लागेल." डोकंच फिरलं. कोण आणणार त्यांना? त्यांचा 1975 चा कायदा ऐच्छिक होता, वाटलं तर बदला. त्यासाठी नेमलेलं मंडळ राष्ट्राध्यक्ष रेगननं 1982 मध्ये गुंडाळलं. आपल्याकडं 1956 ला कायदा झाला, 1958 पासून टप्प्याटप्प्यानं नवी वजनं आली आणि 1962 ला बाजारात किलो सक्तीचा झाला. दंडुका होता म्हणून झालं, आपण फार शहाणे म्हणून नव्हे. दंडुका पोचला नाही तिथं बघा. वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, बोअर फुटात. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाचं पाणी फुटातच विचारतो. 40 ला इशारा, 45 ला धोका. मीटरमध्ये सांगितलं तर कोण माडीवर सामान चढवंल? अमेरिकेतलं रोजचं जगणं बदलणार नाही, आणि त्यावाचून त्यांचं अडतही नाही.

कऱ्हाडचा फिटर: अडत नाही? 1999 ला मंगळाकडं धाडलेलं यान गेलं की राव! एकानं हिशोब पौंडात केला, दुसऱ्यानं तो न्यूटनमध्ये धरला. आणि यान लांब राहू द्या, आमच्या शेडमध्ये जुनं अमेरिकन मशिन आहे. अर्ध्या इंचाच्या पान्याच्या नटाला 13 मिलिमीटरचा पाना बसतो. पण जोर लावला की नटाच्या कडा गोल. मग छिन्नी-हातोडा घ्या आणि आख्खा दिवस घाला. म्हणूनच त्यांच्या मोटारवाल्यांनी कधीच मिलिमीटर धरला. बाकीचेही येतील मागनं.

विट्याचा मास्तर: कारखान्यातलं कोण विचारतंय? प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. तिकडची बाई दूध गॅलननं आणते, ती मंगळावर जात नाही.

फिटर: तीच बाई कोल्ड्रिंक 2 लिटरच्या बाटलीतनं आणते, मास्तर.

तासगावकर: नट-बोल्ट ठेवा बाजूला. मला जमिनीच्या या आरनं, म्हणजे 100 चौरस मीटरच्या मापानं बुडवलंय. एजंट म्हणाला, "दादा, एकरभर रान आहे." पैसे एकराचे मोजले. सातबाऱ्यावर 40 आर! विचारलं तर म्हणतो आर म्हणजेच गुंठा. गुंठा 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. आर 1,076.4 चा. चाळिसांवर 504 चौरस फूट गेले, जवळजवळ अर्धा गुंठा!

मिरजेचा वकील: खरेदीखतावर सही तुमचीच ना? क्षेत्र त्यात हेक्टर-आरमध्येच लिहिलेलं असणार. वाचायचं कुणी, एजंटनं?

तासगावकर: वकीलसाहेब, तुमच्यासारख्यानंच वाचून दाखवलं होतं. फी घेताना बरं मोजमाप चुकत नाही.

वकील: तोंड सांभाळून. एकर म्हणजे 40.47 आर, हे शाळेतलं पोरगंही सांगंल.

तासगावकर: मग तुमच्या शाळेतल्या पोरालाच पाठवा मोजणीला! गावात आर कोण बोलतं? वाटणी गुंठ्यात, भांडण गुंठ्यात, आणि कागद तेवढा आरमध्ये.

मास्तर: हेच तर सांगतोय मी! 1962 होऊन साठ वर्षं उलटली, आपलं रान अजून गुंठ्यात. आणि आपण अमेरिकेला शिकवणार.

फिटर: मास्तर, ह्यातनं उलटंच निघतं. दोन मापं शेजारी ठेवली की मधल्याचं फावतं. गुंठा बंदच केला असता तर ह्यांचा अर्धा गुंठा गेला नसता.

साताऱ्याची वहिनी: गुंठ्याचं चाललंय तर तोळ्याचंही ऐका. सासूबाईंचा तोळा 11.66 ग्रॅमचा, सराफाचा 10 चा. त्यांच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडून "तेवढ्याच" चार तोळ्यांच्या नव्या केल्या. साडेसहा ग्रॅम कुठं गेले म्हणून घरात दिवाळीपर्यंत अबोला. सगळं ग्रॅममध्ये बोला, मी फिटरभाऊंच्या बाजूची.

मास्तर: वहिनी, सराफ दर 10 ग्रॅमचाच लावतो आणि पाटीवर तसं लिहितोही. तोळा तुमच्या घरात शिल्लक आहे, दुकानात नाही.

वहिनी: घरात म्हणजेच रोजच्या जगण्यात ना, मास्तर?

फिटर: बरं, एवढं मान्य. रस्त्यावर त्यांचे मैल राहतील. इंग्लंडनंही पाट्यांवर मैलच ठेवलेत आणि बिअर पाइंटनं विकतात. पण औषधाची गोळी अमेरिकेतही मिलिग्रॅममध्येच देतात. तिथं जुनं माप चालवून दाखवा, मग मी गप्प बसतो.

मास्तर: गोळी दिली तुम्हाला. रस्ता, दूध, घर, हवामान माझ्याकडं. खूश?

तासगावकर: तुमची वाटणी झाली असंल, तर माझ्या 504 फुटांचं बोला की कुणीतरी.