मदत हवी आहे: जलरंगात चित्र काढताना गडद पाण्यात जेलीफिशची पारदर्शक छत्री कशी टिकवायची?

कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत), चारही बाजूंनी टेप लावलेला. त्यामुळे दोष कागदाचा नसावा.

क्रम असा: छत्रीचा आकार फिक्या पेन्सिलीने, खालच्या लोंबत्या धाग्यांवर मास्किंग फ्लुइड (तिथे रंग लागू नये म्हणून लावायचा आणि नंतर सोलून काढायचा द्रव). छत्रीच्या आत फक्त स्वच्छ पाणी, आणि कडेकडेने फिकट जांभळा सोडायचा. इथवर छान जमतं. ते पूर्ण वाळल्यावर बाहेर अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू या दोन निळ्यांचा दाट वॉश (रंगाचा सलग थर), आणि सगळं बिघडतं ते इथे.

छत्रीभोवती कात्रीने कापल्यासारखी कडक रेष येते. ती मऊ करायला ओला ब्रश फिरवला, तर वॉशची चकाकी गेलेली असल्याने पाणी आत शिरतं आणि वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटतात. पूर्ण वाळल्यावर रंग उचलायचा म्हटलं, तर थॅलो कागदात मुरलेला असतो, हलतच नाही. नुसता अल्ट्रामरीन बराचसा उचलला जातो, पण वाळला की फिका पडतो, खोल समुद्र वाटत नाही.

मग अल्ट्रामरीनचेच दोन-तीन थर द्यावेत, की त्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालावा? छत्रीचा वरचा भाग धारदार आणि खालची झालर विरघळलेली हवी असेल, तर ओलावा नेमका किती ठेवता? मास्किंग काढल्यावर धागे तारेसारखे ताठ दिसतात, त्यांची टोकं कशी विरवता? पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) शक्यतो टाळायचा आहे, त्याने पारदर्शकपणाच जातो.