परदेशी निघताना नोटांचं पुडकं न्यायचा सल्ला आता बंद करा

पायवाट

नात्यातलं एक जोडपं नुकतंच पहिल्यांदा परदेशी जाऊन आलं. निघण्याआधी त्यांनी ज्याला त्याला विचारलं आणि प्रत्येकाने एकच सांगितलं, "कार्डाचा भरवसा नाही, रोख न्या." त्यांनी जवळजवळ सगळ्या खर्चाची रोकड नेली. तीही ऐन वेळी विमानतळावर बदलून घेतली, म्हणजे सगळ्यात महागात. बारा दिवस काकांनी पोटाला बांधलेला पट्टा उतरवला नाही. काकू सांगत होत्या, संग्रहालयात चित्रं बघतानासुद्धा ह्यांचा एक हात पोटावरच. शेवटी पावणेतीनशे युरो उरले, ते परत बदलले. जाताना मनी चेंजरच्या विक्रीच्या दराने घेतलेले युरो, येताना त्याच्या खरेदीच्या दराने दिले. एकाच नोटेवर दोनदा फटका.

मला काकांचा राग येत नाही, सल्ला देणाऱ्यांचा येतो. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. त्याच वर्षी तिथल्या भुयारी रेल्वेच्या फाटकावर बँकेचं साधं कार्ड टेकवून आत जाता यायला लागलं. स्टॉकहोममध्ये रोख घेत नसल्याची पाटी दुकानादुकानांत दिसते. उरलेल्या नोटा पुढच्या वेळी होतील म्हणून जपून ठेवल्या, तर त्यांचंही वय असतं. ब्रिटनच्या २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या अजूनही बदलून देते, पण तेवढ्यासाठी खेटे घालावे लागतात.

माझं म्हणणं साधं आहे. एक क्रेडिट कार्ड, एक डेबिट कार्ड, बस्स. नोट लागलीच तर तिथल्या एटीएममधून काढा. चोराने नोटा नेल्या तर त्या गेल्या. कार्ड नेलं तर फोनवरून दोन मिनिटांत बंद करता येतं. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

रानजाई

पूर्ण असहमत.

२८ एप्रिल २०२५ ला मी लिस्बनमध्ये होते. त्या दिवशी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, एखाद्या गल्लीची किंवा शहराची नव्हे, दोन्ही देशांची. सकाळी साडेअकराचा सुमार होता. आधी वाटलं हॉटेलचा फ्यूज उडाला असेल. खाली आले तर रस्त्यावरचे सिग्नल बंद, मेट्रो बंद, आणि थोड्या वेळात फोनची रेंजही गेली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं होतं. वाकून आत गेलं की अंधार. टॉर्चच्या उजेडात तो पाठकोऱ्या कागदावर बेरजा करत होता आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मोड देत होता. कार्डाचं मशीन बाजूला उपडं पडलेलं. माझ्यापुढे दोन तरुण मुलं उभी होती. एकाच्या हातात पाण्याच्या दोन बाटल्या, दुसऱ्याच्या हातात फोन. त्याने फोन पुढे केला, दुकानदाराने नुसती मान हलवली, आणि पहिल्याने बाटल्या निमूटपणे फळीवर परत ठेवल्या.

माझ्या पाकिटात चाळीस युरो होते. त्या बाटल्यांचे पैसे मी दिले, आमच्यासाठी पाणी, पाव आणि मेणबत्त्या घेतल्या. वीज आली रात्री उशिरा. एटीएममधून काढा म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, त्या दुपारी कुठल्या एटीएममधून काढायचे होते?

मोजूनमापून

नोट की कार्ड ह्यावर तुमचा वाद चाललाय, आणि पैसा गळतो तिसऱ्याच भोकातून. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

मागच्या वर्षी हॉटेल सोडताना ४२० युरोंचं बिल झालं. काउंटरवरच्या मुलीने मशीन माझ्याकडे वळवलं. पडद्यावर दोन आकडे होते. वर मोठ्या अक्षरांत माझ्या देशाच्या चलनातली रक्कम, खाली बारीक अक्षरांत युरो. तिचं बोट वरच्या आकड्यावर होतं आणि ती अगदी मनापासून विचारत होती, "तुमच्याच चलनात करून देऊ ना?" मी युरो म्हटलं. तिला वाटलं मी चुकलो, तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा युरोच म्हटलं. नंतर कार्डाच्या हिशोबात बघितलं, तेव्हा दोन आकड्यांत सहा टक्क्यांचा फरक निघाला. पंचवीस युरो, एका बटणापायी.

ह्या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. आपल्या चलनाला हो म्हटलं, की दर ठरवतो दुकानदाराच्या बाजूचा माणूस, आणि त्याने चढवलेल्या टक्क्यांतला वाटा दुकानालाही मिळतो. स्थानिक चलन निवडलं, की दर लागतो व्हिसा किंवा मास्टरकार्डचा, जो घाऊक बाजाराच्या बराच जवळ असतो, आणि त्यावर तुमच्या बँकेचं शुल्क. आपलं चलन निवडल्यावरही काही बँका परदेशी व्यवहाराचं शुल्क लावतात ते वेगळंच.

एटीएमवर तर आणखी वाईट. तिथे 'रूपांतर मान्य' आणि 'रूपांतर अमान्य' असे पर्याय येतात. लोकांना वाटतं, अमान्य दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, पैसे मिळणार नाहीत. तसं होत नाही. अमान्यच दाबायचं, नोटा येतात.

मनी चेंजरच्या 'कमिशन शून्य' पाटीलाही भुलू नका. त्याची कमाई खरेदी आणि विक्रीच्या दरांतल्या अंतरात असते. ते अंतर जेवढं रुंद, तेवढा तुमचा खिसा हलका. प्रागमध्ये पर्यटकांची इतकी लूट व्हायची, की चेक सरकारला १ एप्रिल २०१९ पासून कायदाच बदलावा लागला. आता तिथे १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत मागता येतात. त्यासाठी पावती फेकू नका.

पायवाट

मोजूनमापून, प्रतिसाद वाचून काकांना फोन केला. हॉटेलचं भाडं त्यांनी कार्डाने दिलं होतं, आणि 'आपल्या चलनात' म्हणूनच दिलं होतं. त्यांना ते सोयीचं वाटलं.

रानजाई, तुमच्या त्या दिवसाला माझ्याकडे उत्तर नाही. पण असा एक दिवस येईल म्हणून बाराही दिवस पोटाला पट्टा बांधून फिरायचं, हे मला मान्य नाही.

तिठा

पायवाट यांनी लंडन आणि स्टॉकहोम बघून सगळ्या जगाचा नियम केलाय, माझा आक्षेप तिथे आहे.

जपानला जा. सुइका कार्ड, म्हणजे तिथलं रेल्वे-बसचं कार्ड, स्टेशनवरच्या यंत्रात भरायला बहुतेक ठिकाणी रोखच लागते. छोट्या खाणावळीत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं, त्यात नोट सारायची. ३ जुलै २०२४ ला नव्या नोटा आल्या तेव्हा कित्येक जुन्या यंत्रांना त्या ओळखता येईनात, म्हणून जुन्या नोटा जपून ठेवाव्या लागत. रशियात मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा-मास्टरकार्डं चालत नाहीत. इराणमध्ये निर्बंधांमुळे कितीतरी वर्षं चालत नाहीत. तिथे दोन कार्डं घेऊन उतरलेला माणूस टॅक्सीचे पैसे कशाने देणार?

अर्जेंटिनाचं बघा. २०२२ मध्ये तिथे डॉलरला एक सरकारी भाव होता आणि एक रस्त्यावरचा, जवळजवळ दुप्पट. कार्ड घासणाऱ्याला सरकारी भाव मिळायचा. म्हणजे डॉलरच्या नोटा नेणाऱ्याचा प्रवास निम्म्यात व्हायचा. त्याच वर्षाच्या अखेरीस परदेशी कार्डांना वेगळा, चढा दर मिळू लागला आणि चित्र पालटलं. एकाच देशात वर्षभरात सल्ला उलटा झाला! म्हणून तिकीट काढल्यावर त्या देशाची आजची स्थिती बघा. तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याचं ऐकू नका.

आणि डॉलर नेणार असाल तर नोटा कोऱ्या करकरीत न्या. अमेरिकेच्या लेखी जुन्या नोटाही चालतात, पण परदेशातला मनी चेंजर घडी पडलेली, शाईचा ठिपका असलेली किंवा जुन्या छापाची नोट सरळ परत करतो. माझ्या शंभराच्या दोन नोटा कोपरा फाटला म्हणून कुणी घेतल्या नाहीत.

केशरमाळ

मी पायवाट यांच्या बाजूने. आगगाडीच्या फलाटावर माझी कमरेची पिशवी गेली. साडेतीनशे युरो गेले ते गेलेच. कार्डं मी फलाटावर उभ्या उभ्या बंद केली, एक पैसा गेला नाही. पण दोन्ही कार्डं त्याच पिशवीत होती! पुढचे दोन दिवस सोबतच्या मैत्रिणीच्या पैशांवर काढले. तेव्हापासून एक कार्ड अंगावर आणि दुसरं मोठ्या बॅगेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या बँकांची.

डेबिट कार्डाबद्दल मात्र पायवाट यांनी सावध करायला हवं होतं. हॉटेलात शिरताना अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून कमी होते. डेबिटवर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकतात. माझ्या भावाचे तीनशे युरो खोली सोडल्यावर अकरा दिवसांनी सुटले. तोवर प्रवास संपला होता. भाड्याची गाडी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. उलट क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढू नका. त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, बिलाच्या तारखेची सवलत त्याला नाही.

अधांतर

एक शंका. फॉरेक्स कार्डाचा विषय कुणीच काढला नाही. आधीच पैसे भरून ठेवायचे, दर त्या दिवशीच पक्का, नंतर चढ-उताराची चिंता नाही. मग ह्या दोन्ही बाजूंचं भांडण मिटत नाही का?

मोजूनमापून

अर्धं मिटतं. युरो भरून युरोच्या देशांत फिरलात तर चांगलंच. पण त्याच कार्डाने स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये खर्च केलात, की पुन्हा रूपांतर आणि पुन्हा शुल्क. उरलेले पैसे परत घेताना तोच दुहेरी फटका, जो काकांना नोटांवर बसला.

नोटांनाही हीच गोष्ट लागू. आपल्या चलनाचे डॉलर आणि डॉलरचे तिथलं चलन, असं दोनदा बदलणं जिथे टाळता येईल तिथे टाळावं. एटीएमचं शुल्क दर वेळच्या व्यवहारावर असेल तर थोडे थोडे काढू नका. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर खेपेला २०० बाथच्या वर घेतात, मग हजार काढा की दहा हजार. जिथलं चलन देशाबाहेर नेताच येत नाही, उदाहरणार्थ ट्युनिशियाचा दिनार, तिथे मात्र उलट. लागेल तेवढंच काढायचं आणि बदलल्याची पावती देश सोडेपर्यंत सांभाळायची.

रानजाई

हिशोब सगळे बरोबर आहेत. पण हिशोब करणारा माणूस कोण आहे, तेही बघा. माझी आई एकोणसत्तर वर्षांची आहे. तिच्याकडे कार्ड आहे, पिन पाठ आहे. पण परदेशात तिचं सिम बंद, ओटीपी येणार कुठे? एकदा स्टेशनवर आमची चुकामूक झाली. मी एका फाटकाबाहेर, ती दुसऱ्या. तासाभराने ती स्वतःच हॉटेलवर पोचली. हातातला पत्ता टॅक्सीवाल्याला दाखवला आणि वीसची नोट दिली. त्या दिवशी तिच्याकडे नुसतं कार्ड असतं आणि मशीनने दोन प्रश्न विचारले असते, तर ती घाबरली असती. मी तिच्या पर्समध्ये नोटा ठेवते त्या ह्यासाठी. त्यावर दोन-चार टक्के गेले तर जाऊ देत.

पायवाट

हे मी लक्षात घेतलं नव्हतं. शीर्षक बदलणार नाही, कारण पुडक्याला माझा विरोध कायम आहे. पण 'नोट लागलीच तर तिथे काढा' हे वाक्य मागे घेतो. काका-काकू वर्षअखेरीस पुन्हा निघतायत. ह्या वेळी दोघांकडे वेगवेगळ्या बँकांचं एकेक क्रेडिट कार्ड, काकांकडे एक डेबिट, आणि काकूंच्या पर्समध्ये वेगळ्या नोटा. मशीनपुढे फक्त 'युरो' म्हणायचं, हे काकांना पाठ करून दिलंय. नोटा किती द्यायच्या एवढंच ठरत नाहीये. मी शंभर म्हणतो.

रानजाई

शंभर कमी आहेत. दोघांचं तीन दिवसांचं खाणंपिणं आणि रात्रीची एक लांबची टॅक्सी, एवढ्याचा हिशोब करा. आणि सगळ्या पाच-दहा-वीसच्या नोटा मागून घ्या. लिस्बनच्या त्या दुकानदाराकडे पन्नासचे सुट्टे नव्हते.