पॉजला मराठीत काय म्हणायचं? विराम, ठहराव की दम?

कोडेवाला:
मी लाइव्हमध्ये कोडी घालतो. उत्तर सांगायच्या आधी मुद्दाम गप्प बसून लोकांना जरा ताणून धरायचं, याला शब्द हवाय. 'पॉज घेतला' असं सगळेच म्हणतात, त्यात वावगंही काही नाही. पण नव्या जोडीदाराला शिकवताना पंचाईत झाली. 'इथे थांब' म्हटलं की तो आटोपतंच घेतो, 'इथे विराम' म्हटलं की हसतो. आणि या गप्प बसण्यातून जे तयार होतं ती उत्सुकता, उत्कंठा की हुरहूर?

उलटतपासणी:
विराम नकोच, त्याच्यावर पूर्णविरामाची सावली आहे. 'स्तब्धता' श्रद्धांजलीला लागते. 'खंड' म्हटलं की बिघाड वाटतो. 'ठहराव' हिंदीतून आलाय, गोड आहे, पण तो गायकीला किंवा स्वभावाला शोभतो. तीन सेकंदांना फार भारी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उत्कंठा. उत् + कंठ, म्हणजे मान उंचावून बघणं. उत्सुकता नुसती माहितीचीही असते. उत्कंठेला मात्र काहीतरी आत्ता, याच क्षणी होणार याची खात्री लागते. हुरहुरीत ती खात्रीच नसते. 'शिगेला पोहोचली' म्हणतो त्यातली शीग म्हणजे माप भरून वर उभी राहणारी धान्याची रास. आणखी मूठभर टाकलं की घरंगळायला लागते. पॉज किती लांबवावा हे त्यातच आलं. आणि 'सस्पेन्स'च्या मुळाशीही लॅटिनमधलं 'टांगणं'च आहे, आपला जीव टांगणीला लागतो तसं.

ठेकेदार:
तबल्यात तयार शब्द आहे: दम. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. मधे जागा सोडली तर ती दमदार तिहाई, सलग वाजवली तर बेदम. (बेदम म्हणजे दणकून मारणं असं समजणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) हा दम मात्रांत मोजलेला असतो. पहिल्या दमाला ऐकणारा दचकतो, दुसऱ्यापर्यंत त्याला माप कळलेलं असतं आणि तो समेची वाट बघत मान तयार ठेवतो. न मोजता सोडलेली जागा म्हणजे हात चुकला.

कोडेवाला:
दम आवडला. पण लाइव्हमध्ये मोजूनही फसतो. मागे एकदा उत्तराआधी चार सेकंद गप्प राहिलो, अगदी निश्चल, डोळे कॅमेऱ्यात. मला वाटलं, काय जमलंय! चॅट उघडून बघतो तर 'आवाज गेला', 'अडकलं', 'माझंच नेट गेलं वाटतं'. दोघं तर पान रिफ्रेश करायला गेले आणि उत्तर चुकवून परत आले.

उलटतपासणी:
साहजिकच आहे. 2009 साली 10 भाषांतली संभाषणं तपासली होती, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी साधारण 200 मिलिसेकंद जातात असं दिसलं. त्या मानाने चार सेकंद म्हणजे युग. समोरासमोर माणूस दिसतो म्हणून युग चालतं. पडद्यावर निश्चल माणूस आणि अडकलेलं चित्र यांत फरक काय?

माईकच्या सेटिंगमधला नॉइज गेटही बघा. तो ठरावीक पातळीखालचा आवाज सरळ बंद करतो. तुम्ही गप्प झालात की श्वास, खुर्चीची कुरकुर, खोलीची गुणगुण सगळं एकदम नाहीसं होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं माईक मेला. दम घ्यायचा असेल तर मागची हलकी गुणगुण राहू द्या.

कोडेवाला:
गेटची पातळी खाली आणली. शिवाय आता कॅमेरा वरून लावतो, उत्तराचं कार्ड टेबलावर पालथं ठेवतो. गप्प असताना अंगठ्याने कोपरा हळूहळू उचलतो, शाईची कड दिसेल न दिसेल इतकाच. चित्र हलतंय, म्हणजे अडकलेलं नाही. चॅटमध्ये नुसते ठिपके येतात, 'अडकलं' एकही नाही.

चकवा:
एक गल्लत होतेय. 'सांगा बघू' म्हणून थांबणं हा दम नव्हे. यूट्यूबवर लाइव्हच्या विलंबाचं सेटिंग 'अतिशय कमी'वर ठेवलं तरी तुमचं बोलणं बहुतेकांना पाच सेकंदांच्या आत पोहोचणार, 'कमी'वर दहाच्या आत. त्यावर टाइप करायचा वेळ. तेवढं गप्प बसलात तर लोक ताणले जात नाहीत, ताटकळतात. तिथे बोलत राहा, आधी आलेली चुकीची उत्तरं वाचा, चिडवा. दम फक्त उत्तर उघडण्याच्या आधी, दोन-तीन सेकंद. त्याला विलंबाचा त्रास नाही, कारण आधीचं बोलणं, गप्प बसणं आणि उत्तर एकत्रच उशिरा पोहोचतात. नंतर रेकॉर्डिंग दीडपट वेगाने बघणाऱ्याला मात्र तीनाचे दोनच सेकंद मिळतात. त्याला इलाज नाही, आणि असूही नये.

ताणणं आणि ताटकळवणं हे वेगळं ठेवा, निम्मी शब्दचर्चा तिथेच मिटते.

ठेकेदार:
मिटत नाही, क्रियापद राहिलंय. दम धरतो तो ऐकणारा. दम देणं म्हणजे धमकावणं. दम खाणं हे सबुरीचं. वाजवणारे 'मधे दम आहे' एवढंच म्हणतात.

कोडेवाला:
काल 'आता जरा दम घेतो' म्हणून कार्डावर हात ठेवला. पहिलाच मेसेज: 'बसा दादा, पाणी प्या, घाई नाही.'