मदत हवी आहे : नवा फ्यूज बसवला तरी पुन्हा उडतो

गोदाकाठ : ब्रेकचे दिवे लागेनासे झाले म्हणून काल फ्यूज बदलला. आज मुंबई नाक्यावर मागच्या रिक्षावाल्याने दिवे पुन्हा बंद असल्याचे सांगितले. उद्या पहाटे कसारा घाट उतरायचा आहे, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

सातपूरकर : गाडी कोणती, फ्यूजची पेटी स्टिअरिंगखालची की बॉनेटमधली, फ्यूज किती अँपिअरचा, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तो जळला हे कशावरून ठरवले?

गोदाकाठ : हॅचबॅक, पेटी स्टिअरिंगखाली, फ्यूज निळा, १५ चा. उजेडात धरला तर आतली पट्टी मधोमध तुटलेली आणि प्लास्टिकवर काळा डाग. आणखी काय पुरावा हवा?

वाटसरू : १५ चा टिकत नसेल तर पिवळा २० चा बसवावा. माझ्या गाडीत बिनतक्रार चालतो.

सातपूरकर : असा सल्ला कृपया देऊ नये. फ्यूज वायरीच्या जाडीनुसार ठरलेला असतो. मोठा बसवला तर फ्यूजऐवजी वायर तापते आणि डॅशबोर्डमागून धूर निघेपर्यंत कळत नाही.

जुनेजाणते : नाशिकच्या थंडीत बॅटरी दगा देते. आधी ती बदलावी.

गोदाकाठ : काका, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते.

टेस्टलॅम्प : फ्यूज उपसायचीही गरज नसते. पेडल दाबून ठेवावे, टेस्टलॅम्पची (वायर लावलेल्या तपासणीच्या दिव्याची) क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावावी आणि फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना लॅम्पचे टोक टेकवावे. एकाच बाजूला उजेड पडला तर फ्यूज गेला. मल्टिमीटरचे कौतुक करणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावे.

सातपूरकर : मल्टिमीटरनेही तेच कळते, पण प्रश्न फ्यूज का उडतो हा आहे. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम साडेतीन अँपिअर घेतात, म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे. दिवे जाण्याआधी डिकी उघडली होती का?

गोदाकाठ : दोन्ही वेळा, द्राक्षांचे क्रेट ठेवायला. त्याचा ब्रेकशी काय संबंध?

सातपूरकर : तिसऱ्या ब्रेकदिव्याची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून डिकीच्या दारात जाते आणि उघडझाकीने तिथेच सोलवटते. फ्यूज काढून ठेवावा, मगच ते रबर मागे सरकवून पाहावे.

गोदाकाठ : एका वायरीचे तांबे उघडे पडले आहे. चिकटपट्टीवर घाट निभेल का?

सातपूरकर : तार शाबूत असेल तर निभेल. प्रत्येक वायर वेगळी गुंडाळावी, १५ चाच फ्यूज बसवावा, पेडल दाबून कुणाला तरी मागे उभे करून तिन्ही दिवे पाहून घ्यावेत. परतल्यावर तेवढा तुकडा वायरमनकडून बदलून घ्यावा.