डोळ्यात औषध घालायला लागल्यापासून सुईचं नेढं सापडेना

शिवणवाली
आठ दिवसांपूर्वी डावा डोळा लालबुंद झाला. ठणका, उजेड सोसेना. डोळे आलेत म्हणावं तर चिपडं नव्हती. डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवून पाहिलं नि म्हणाले, 'युव्हिआयटिस, मधल्या थराला सूज.' दोन बाटल्या दिल्या. बाहेर रांग लागलेली, पुढचं विचारायचं राहिलं. दुसरं औषध घातल्यापासून त्या डोळ्याची बाहुली मोठी झालीय नि जवळचं सगळं धूसर. उजव्याने दिसतं, पण डावा उघडा असला की नेढं हुकतंच. लग्नाचे बारा ब्लाऊज पडलेत. हा मधला थर म्हणजे काय? दुसरी बाटली बंद केली तर चालेल?

निवृत्त_मास्तर
ताई, बंद अजिबात करू नका.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. दरवर्षी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणायचे. वरचं पांढरं आवरण इतकं चिवट की ब्लेड घसरतं. ते कापलं की आत काळाकुट्ट थर, बोटं दौतीत बुडवल्यासारखी. तोच हा. लॅटिनमध्ये 'युव्हा' म्हणजे द्राक्ष, कारण पांढरं सोलल्यावर उरलेला गोळा काळ्या द्राक्षासारखा दिसतो. देठाच्या जागचं भोक म्हणजे बाहुली. (बोकडाला त्यात मागे निळा-हिरवा चकाकणारा भागही असतो, म्हणून अंधारात डोळे चमकतात. आपल्याला तो नाही.)

मागे रंजितपटल, म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं. दृष्टिपटलाचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या आतल्या पडद्याचा, बाहेरचा भाग त्यावरच पोसतो. पुढे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, परितारिका. त्यात रंग कमी असला की डोळे घारे. आणि या दोहोंमध्ये स्नायूंचं कडं. त्यातच डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हेत) तयार होतं, नि बारीक तंतूंनी भिंग टांगलेलं असतं. सुई जवळ धरली की कडं आवळतं, तंतू सैल पडतात, भिंग फुगतं. आवळल्यावर सैल कसं? भरतकामाची रिंग आठवा. रिंग लहान झाली तर आतलं कापड ढिलं पडेलच ना!

तुमच्या औषधाने ते कडं ढिलं सोडलंय. सुजलेलं असताना आवळलं की ठणकतं, म्हणून सुट्टी. शिवाय सुजलेली परितारिका मागच्या भिंगाला चिकटू पाहते. बाहुली मोठी ठेवली की ते टळतं. चिकटली तर बाहुली वेडीवाकडी होते, पाण्याची वाट अडून डोळ्यातला दाब वाढू शकतो. पहिली बाटली बहुधा स्टेरॉइडची असेल. तीही डॉक्टर सांगतील तशीच कमी करायची. ब्लाऊज थांबतील.

आखडलेला_गडी
मला हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी विचारलं, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? आखडायची, चाललं-फिरलं की मोकळी. रक्ताची एचएलए-बी२७ तपासणी पॉझिटिव्ह, शेवटी मणक्याचा संधिवात निघाला. तुमची कंबर कशी आहे?

शिवणवाली
दुखते, पण संध्याकाळी, मशीनवर बसून बसून. तरी परवा दाखवायला जाईन तेव्हा सांगते. मास्तर, रिंगचं लगेच कळलं. बाटली चालू आहे. दोरा सध्या सातवीतला लेक ओवून देतोय, एका सुईचा एक रुपया घेतो.